‘तिजोरीत पैसा नाही’ म्हणणाऱ्या आमदाराकडे पुन्हा जाताना

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. सीनाकाठचं गाव. सप्टेंबर २०२५ च्या पुरात नदीकडचं शिवार खरडून गेलं. तुम्ही पाच-सहा जण ‘हवामान बदलावर शासनाने तातडीने पावलं उचलावीत’ असं निवेदन घेऊन आमदारांकडे गेलात. त्यांनी चहा पाजला, फोटो काढला आणि म्हणाले, “तिजोरीत खडखडाट आहे रे. आधी लोकांचं पोट, मग हवामान.” आता पुन्हा जायचं तर काय बोलावं, असं तुम्ही विचारलंय.

मी मृद संधारणाच्या कामात अठ्ठावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची काही वर्षं बांधावर कमी आणि जिल्हा नियोजनाच्या फायलींत जास्त गेली. त्यामुळे शेतकऱ्याची बाजू मला जितकी कळते, तितकीच ‘निधी उपलब्धतेच्या अधीन राहून’ हा शेरा मारणाऱ्या टेबलाचीही कळते. मीही तो शेरा मारलाय. म्हणून उत्तर जरा लांबेल.

पहिली गोष्ट, आमदार खोटं बोलत नाहीत. मार्च २०२५ मध्ये जो राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला, त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये दाखवली होती आणि कर्जाचा आकडा ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात. पगार, पेन्शन, व्याज हे तर टाळता येत नाही. लाडक्या बहिणीचे ३६ हजार कोटी वेगळे. ठेकेदारांची बिलं थकलेली आहेत, हे तुमच्या गावच्या पाणीयोजनेच्या अर्धवट टाकीकडे पाहूनही समजेल. तेव्हा ‘पैसा आहे, तुमची दानत नाही’ असं भांडण घेऊन जाऊ नका. तिथे ते जिंकतील, कारण आकडे त्यांच्या बाजूने आहेत.

पण त्याच राज्याने ७ ऑक्टोबर २०२५ ला काय केलं ते आठवा. पूर ओसरून पंधरवडाही झाला नव्हता आणि ३१,६२८ कोटींचं मदतीचं पॅकेज जाहीर झालं. त्यात पीकविमा, रोजगार हमी, रस्ते-पुलांची दुरुस्ती असं सगळं एकत्र धरलं होतं, म्हणजे सगळी रोकड नव्हे, हे मान्य. तरी तो आकडा वर्षाच्या महसुली तुटीच्या दोन तृतीयांशाएवढा होतो. खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंत अशी सोय त्यात होती.

आता तुमच्या त्या जमिनीकडे जाऊ. अशी जमीन मी पुष्कळ पाहिलीय. वरची हात-दीड हात काळी माती निघून जाते आणि खाली पांढरा मुरूम उघडा पडतो, मधूनच ठिबकच्या नळ्यांची जाळी लोंबकळत असते. शेतकरी मुठीत मुरूम घेतो, बोटांनी दाबतो, आणि तो दबत नाही. मग तळ्यातला गाळ आणायचा, ट्रॉलीमागे पैसे मोजायचे, पसरायचा, आणि पहिल्या दोन-तीन हंगामांत तरीही उतारा येत नाही. ही माती पुन्हा तयार व्हायला निसर्गाला शतकं लागतात. हेक्टरी तीन लाख सरकारने दिले तरी ती किंमत भरून येत नाही. पण सरकारला ते तीन लाख द्यावे लागतातच.

तुमच्या बोलण्याचा कणा हाच ठेवा. ‘हवामान बदलावर खर्च करा’ असं म्हणू नका. तो खर्च चालूच आहे, दरवर्षी, फक्त नुकसान झाल्यावर आणि चढ्या भावाने. तोच थोडा अलीकडे ओढा, एवढंच मागायचंय.

हे पटवायला महाराष्ट्रातलंच उदाहरण हवं असेल तर मुंबईचं द्या. तिथल्या नाल्यांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पावसाची होती. ती ५० करायचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ साली महापालिकेच्या हातात आला. खर्च होता ६१६ कोटी. एवढा पैसा नाही म्हणून बहुतेक काम बाजूला पडलं. मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर तोच प्रकल्प १,२०० कोटींचा होऊन केंद्राकडून मंजूर झाला. आता तासाला ५० मिलिमीटरचे नाले झाले असते तर त्या दिवशी मुंबई कोरडी राहिली असती, असं मी म्हणणार नाही. तेवढा पाऊस कुठलंच शहर पेलत नाही. पण १९९३ ला वाचवलेला पैसा २००७ ला दुपटीने गेला, हे तर सरळ गणित आहे. हे गणित आमदारांना लगेच कळतं. राजकारणी माणूस हिशेबात कधीच कच्चा नसतो.

दुसरं उदाहरण याहून जुनं आहे आणि मला स्वतःला जास्त जवळचं. तुमच्या आजोबांना विचारा, ७२ च्या दुष्काळात काय खाल्लं. मिलो आणि सुकडी म्हणतील. त्या वेळी दुष्काळी कामांवर एका टप्प्याला राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास मजूर होते. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते, आणि विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली होती. दुष्काळ सरला, पण लगेच १९७३ च्या अखेरीस जगभर तेलाचे भाव चौपट झाले. १९७४ ला देशात महागाई २० टक्क्यांच्या वर होती. तिजोरीचा खडखडाट आजच्यापेक्षा कमी नव्हता. तशा काळात महाराष्ट्राने काय केलं? १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या पगारदारांकडून पैसा घेतला आणि तो रोजगार हमीला जोडला. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या तुमच्या भावाची पगाराची पावती बघा. ‘प्रोफेशन टॅक्स २००’ अशी ओळ असेल, फेब्रुवारीत ३००. तो दुष्काळ अजून आपल्या पावतीवर आहे. ज्यांना वाटतं की अडचणीच्या काळात नेते असले निर्णय घेऊच शकत नाहीत, त्यांना मी ही ओळ दाखवतो.

अर्थात ७२ ची कामं सगळीच सोन्याची नव्हती. खडी फोडायची कामं निघाली, खडीचे ढीग रस्त्याकडेला वर्षानुवर्षं पडून राहिले, त्यांवर गवत उगवलं. आणि जिथे नाला बांध, पाझर तलाव, बांधबंदिस्ती झाली, तिथल्या विहिरींना पुढची पंधरा-वीस वर्षं पाणी राहिलं. मजुरी दोन्हीकडे सारखीच गेली होती. त्यामुळे ‘पैसा द्या’ म्हणताना ‘कशावर’ हेही तुमच्याच तोंडून यायला हवं. ते सोडलंत की तुमच्या गावात सिमेंटचा बाकडा आणि स्वागत कमान येईल.

परदेशातलं उदाहरण विचारलंच कुणी, तर एक पुरे. सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेची बडी बँक बुडाली आणि जगभर बँका कोसळायला लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटनने हवामान बदलाचा कायदा मंजूर केला. आपल्याकडेही मंदीची झळ ताजी असताना, २०१० मध्ये, केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर नेला. पुढे जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या भरपाईकडे वळला. उपकर लावणं सोपं, तो ठरलेल्या कामाला बांधून ठेवणं अवघड, एवढं त्यातून मी शिकलो.

आता भाषेबद्दल. तुमचं निवेदन मी वाचलं. त्यात पॅरिस करार आहे, दीड अंश आहे, कार्बन उत्सर्जन आहे. सगळं बरोबर आहे, पण दीड अंश म्हटलं की साहेबांचा हात फोनकडे जातो. गेल्या काही वर्षांत राज्याने हवामानाच्या दृष्टीने केलेलं सगळ्यात मोठं काम कोणतं, असं मला विचारलं तर मी सौर कृषी वाहिनी, म्हणजे शेतीपंपांना सौर वीज द्यायची योजना, म्हणेन. २०१७ ला ती सुरू झाली, २०२३ ला दुसऱ्यांदा मोठ्या आकारात आली. तिच्या एकाही सभेत ‘हवामान’ हा शब्द मला ऐकू आला नाही. ऐकू आला तो ‘दिवसा वीज’. रात्री दोनला मोटार चालू करायला बॅटरी घेऊन जाणाऱ्या, विंचू-साप-बिबट्याच्या भीतीने काठी आपटत चालणाऱ्या माणसाला त्या दोन शब्दांत सगळं कळतं.

आणि तिजोरीलाही ते कळतं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज द्यायची तर वर्षाला १४,७६० कोटी लागतील, असा सरकारचाच हिशेब होता. फीडरजवळच, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणारी वाहिनी जिथून निघते तिथेच, सौर प्रकल्प उभा केला की वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, लांबून आणायचा खर्च आणि गळती वाचते, आणि मोफत विजेचा बोजा हलका होतो. पडीक जमीन देणाऱ्याला हेक्टरी सव्वा लाख वार्षिक भाडं मिळतं. म्हणजे इथे नेत्याने कुणावर उपकार म्हणून हवामान वाचवलेलं नाही. मतं, तिजोरी आणि हवामान एका दोरीत आली आणि काम झालं. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. तुम्ही तशा आणखी दोऱ्या शोधा.

काही दोऱ्यांना तर पैसाच लागत नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. २०१३ ला त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला. त्यात होतं काय? आदल्या दिवशी इशारा, दवाखान्यात बर्फ आणि ओआरएस, बागा दुपारी उघड्या, मजुरांच्या वेळा बदला. आपल्याकडे खारघरला १६ एप्रिल २०२३ च्या भर दुपारच्या मैदानी सोहळ्यात उष्माघाताने १४ जण गेले, तेव्हा कुठे सरकारने दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत असं ठरवलं. तो निर्णय आधी घ्यायला किती रुपये लागले असते? तुमच्या तालुक्यात रोजगार हमीच्या कामाची वेळ उन्हाळ्यात पहाटे सहा ते अकरा करून घ्या, कामावर सावली आणि पाण्याची टाकी आहे का ते बघा. आमदारांना एका फोनचं काम आहे, आणि असा फोन करायला त्यांनाही आवडतं.

तुमच्या गावापुरतं मी काय मागेन, ते सांगतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत मला एक गोष्ट दिसली, तिचा उल्लेख निवेदनात कुठेच नाही. वस्तीकडे जाणारा रस्ता ओढ्यावरून गेलाय आणि खाली दोनच सिमेंटच्या नळ्या आहेत. नळ्यांच्या तोंडाशी पाचट, जलपर्णी आणि एक तुटलेली पलंगाची फळी अडकलीय. हा रस्ता म्हणजे तुमच्याच गावाने बांधलेलं धरण आहे. नदीचा फुगवटा आला तेव्हा ओढ्याला वाट उरली नाही, पाणी मागे वळलं आणि वस्तीत शिरलं. असे नळकांडी पूल मराठवाड्यात आणि सोलापूर भागात जागोजागी आहेत. चार-पाच तासांत महिन्याचा पाऊस पडेल, हे गृहीत धरून ते बांधलेलेच नाहीत.

तो रस्ता पुरात वाहून गेलाय, म्हणजे त्याची दुरुस्ती निघणारच. अंदाजपत्रक होताना पुन्हा दोन नळ्या टाकल्या जातील, कारण जुन्या अंदाजपत्रकावरून नवं उतरवायची सवय आहे, मीही उतरवलीत. तिथे पेटीची मोरी, म्हणजे बॉक्स कल्व्हर्ट, धरायला लावा. खर्च वाढेल, पण नवं लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात खर्चाचं वेगळं खातं, लागत नाही, नवी योजना लागत नाही, मंत्रालयात जावं लागत नाही. शाखा अभियंत्याला एक फोन. हवामान बदलाशी जुळवून घेणं म्हणतात ते यालाच.

पैशाचे नळ कुठे आहेत, तेही माहीत असू द्या. आमदार निधी वर्षाला पाच कोटी. जिल्हा नियोजन समितीचा निधी पालकमंत्र्यांच्या हाताखाली. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा पैसा येतो. पंधराव्या आयोगाने त्यातला साठ टक्के बंधित ठेवला होता, निम्मा पिण्याचं पाणी आणि पाऊसपाणी साठवण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. आणि एक नळ बहुतेकांना ठाऊकच नसतो. याच आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्याच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले. ऐंशी टक्के आपत्ती आल्यावर मदतीला, वीस टक्के आपत्ती येण्याआधी धोका कमी करायला. हा दुसरा भाग म्हणजे सौम्यीकरण निधी. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन एकच विचारा: आपल्या तालुक्यातून या निधीखाली किती प्रस्ताव गेले? उत्तर काय मिळतं ते लिहून आणा. माझ्या वेळी प्रस्तावांसाठी आम्हीच तहसीलला स्मरणपत्रं पाठवायचो.

आता काय मागू नका. प्लास्टिकचं शेततळं मागू नका. मागणारे चिडतील, पण मी हे बोलायचं सोडलेलं नाही. पावसाचं पाणी धरायला ते होतं. आपल्याकडे लोकांनी बोअरचं पाणी उपसून त्यात भरलं. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर उन्हात आणून ठेवायचं आणि वाफ होऊ द्यायची. नुसतं नाला खोलीकरणही मागू नका. ‘जलयुक्त शिवार’वर साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला आणि भूजल अपेक्षेइतकं वाढलं नाही, असं ‘कॅग’ने २०२० साली विधिमंडळापुढे ठेवलं. काही गावांत फायदा झालाच, मी स्वतः पाहिलाय. पण जेसीबीचे तास मोजणं सोपं, माथ्यावरची बांधबंदिस्ती आणि चराई रोखणं किचकट, म्हणून पैसा जेसीबीकडे गेला. हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी रोजगार हमीच्याच पैशात डोंगरावर चर खणले, आणि वर गावाने बोअरवेलवर बंदी घातली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. बंदी घालायला पैसा लागला नाही, वाईटपणा घ्यायला लागला. तो वाईटपणा आमदार घेणार नाहीत, सरपंचालाच घ्यावा लागेल. कागदावर ग्रामसभेचा ठराव जोडलात की आमदारांना कळतं, गावाने आपला वाटा उचललाय.

सात पानांचं निवेदन नको. एक पान. वर कामाचं नाव, गट नंबर, रस्त्याचा क्रमांक. मागच्या तीन पुरांत त्या जागी पंचनाम्यांतून किती मदत वाटली गेली, त्याची बेरीज. तलाठ्याकडे ती यादी असते, मागितली तर देतात, नाहीतर माहितीच्या अधिकारात मिळते. खाली कामाचा अंदाजे खर्च. दोन आकडे एकाखाली एक. बाकी मजकूर कमी केला तरी चालेल. सोबत दोन फोटो, एक पाणी असतानाचा, एक आजचा, दोन्ही त्याच जागेवरून.

आणि वेळ पाळा. तुम्ही मे महिन्यात गेला होतात. मे महिन्यात कोणत्याही आमदाराकडे टँकर आणि लग्नं यांपलीकडे काही नसतं, आणि त्या वर्षाचा आराखडा तोवर कधीच बंद झालेला असतो. पुढच्या वर्षाचा जिल्हा आराखडा दिवाळीनंतर जुळायला लागतो, जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरावर बैठका होतात, मार्चमध्ये अर्थसंकल्प. म्हणजे तुमचं पान नोव्हेंबरमध्ये तीन ठिकाणी पोचलेलं हवं: आमदार, जिल्हा नियोजन अधिकारी, आणि बांधकामचा उपविभाग. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, तीही एक खिडकी असते.

आमदारांना दिलेल्या प्रतीपेक्षा त्यांच्या पीएला दिलेली प्रत जास्त दिवस जपली जाते. त्यांच्याशी नीट बोला, नाव-नंबर घ्या. सरकारी कार्यालयांतल्या दोन्ही प्रतींवर मात्र आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. आवक-जावकचं टेबल दुपारी दोननंतर बहुधा रिकामं असतं, म्हणून सकाळीच जा.